दहापर्यंत मोजण्याची त्वाय पद्धत

१४ एप्रिल, सकाळी ६.४०
बालवाडीच्या न्यान बाईंची चिठ्ठी आली. १८ मे रोजी पालकदिन. प्रत्येक मूल दहा वस्तू मोजून दाखवणार, तरी घरी खेळता खेळता सराव घ्यावा. खेळता खेळता! इथंच सगळं बिघडतं. मी, त्वाय, पाचवीत असताना तालुक्याच्या गणित स्पर्धेत तिसरा आलो होतो. (स्पर्धेत तिघंच होते, असं बायको थाम अजून सांगत फिरते. चौथ्याला नेमका ताप आला, त्याला मी काय करू?)

ठरलं. आमची एकुलती एक तेप, वय साडेपाच, पालकदिनाला शंभर मोजणार. पालकांच्या ग्रुपवर जाहीर करून टाकलं. त्या दिवशी मी मार्गदर्शनपर भाषणही देईन, असं लिहिलं. बाईंनी नुसता अंगठा पाठवला. भारावल्या असतील.

१५ एप्रिल
टाइमटेबल तयार. ५.३० ते ६ अंक. ६ ते ६.१५ उजळणी. ६.१५ ते ६.३० तोंडी परीक्षा. या पद्धतीला माझंच नाव द्यावं म्हणतो. थामने विचारलं, अहो, पोरगी तोंड कधी धुणार? बायकांना तपशीलच दिसतात.

१६ एप्रिल
५.३० ला तेप उठली नाही. मीही नाही.

१९ एप्रिल
शंभर फ्लॅशकार्डं केली. ऑफिसच्या मशीनवर लॅमिनेशनसकट. साहेब रजेवर होते.

संध्याकाळी तेपने त्या कार्डांचं बदकाच्या पिल्लांसाठी घर बांधलं. छपराला ४१ ते ६०. पाऊस आला तरी गळलं नाही. लॅमिनेशन उत्तम झालंय, हे तरी सिद्ध झालं.

२३ एप्रिल
आजचा धडा, सूर्यफुलाच्या भाजलेल्या बिया. वीस मांडल्या. समजावता समजावता मी खात गेलो. तेपने विचारलं, बाबा, आता काय मोजू? म्हटलं, टरफलं मोज. तर भोकाड पसरलं. हल्लीच्या मुलांचं लक्षच लागत नाही.

२८ एप्रिल
दहा आंबे काढून दाखव म्हटलं, तर विचारते, कोणाचे दहा? अगं बये, दहाला काय मालक असतो? वहीत लाल फुली मारली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. दुसरी फुली. पालथ्या घड्यावर पाणी!

३० एप्रिल
सुट्टी. डबल सराव ठेवला होता. तेप सकाळीच गायब. सासूबाई आंबे घेऊन घाटावरच्या बाजाराला निघाल्या, ही त्यांच्या होडीत जाऊन बसली. दोघींचा कट दिसतो.

४ मे
तेप माझ्यासमोर मोजेनाशी झाली आहे. ‘एक’सुद्धा म्हणत नाही. ओठ घट्ट मिटून बसते. थाम म्हणाली, आईजवळ पोरगी सकाळभर मोजते. आंबे मोजते, होड्या मोजते, गिऱ्हाइकांच्या टोप्या मोजते. तुमचं लाल पेन दिसलं की तिची वाचा बसते. अशीच पहिलीत गेली तर फळ्यापुढे उभीच राहायची नाही. याला जबाबदार कोण?

निळं पेन आणलं.

६ मे
सासूबाईंना स्पष्ट सांगितलं, बाजारातलं गणित अशास्त्रीय असतं, मुलीला तिथं नेऊ नका. त्या म्हणाल्या, जावईबापू, तुमचं शास्त्र तुमच्यापाशी ठेवा. पोर जिथं हसतेय तिथं तिला राहू द्या, आणि रिकामे उभे आहात तर जरा हात लावा. चार टोपल्या उचलायला लावल्या. रात्री जेवताना माशाचं शेपूट माझ्या वाट्याला आलं.

७ मे
शंभरऐवजी पन्नास. तज्ज्ञ लोक ध्येय वेळोवेळी तपासतात.

११ मे
वीस.

१३ मे
दहा. मुळात बाईंनी तेवढंच सांगितलं होतं. इतर पालकांना कमीपणा वाटायला नको, असाही विचार केला.

१५ मे, दुपारी
दाराआडून ऐकलं. तेप अंगणात बदकाची पिल्लं मोजत होती. एकेकाला बोट लावून, गाणं म्हटल्यासारखी. सातवं पळालं, तर खदखदून हसली आणि पहिल्यापासून सुरू. मी बाहेर आलो. गप्प झाली. हात मागे लपवले.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. थोडा फणसही जास्त झाला होता.

१८ मे
पालकदिन. नवा शर्ट. भाषण अकरा पानी. पहिलं पान काढतो तोच बाई म्हणाल्या, भाषण राहू द्या हो, करूनच दाखवा. समोर सासूबाईंनी पाठवलेली आंब्यांची टोपली. यातून दहा काढा.

हसू आलं. एका हातात दोन, दुसऱ्या हातात दोन, खेप एक. खेप दोन. खेप तीन. झाले दहा! पालकांनी टाळ्या वाजवल्या.

चटईवरची सव्वीस मुलं एकदम ओरडली, बारा!

मी म्हटलं, दहा. मुलं म्हणाली, बारा. मागून एक आजोबा म्हणाले, अरे बरोबर आहे की त्याचं, दहाचा वाटा आहे. सगळ्या पालकांनी माना डोलावल्या. आमच्या घाटावर दहाच्या वाट्यात बारा फळं असतात. दोन्ही हातांत मिळून चार, अशा तीन खेपा. बापजाद्यांपासून असंच चालत आलंय. पलीकडच्या तालुक्यात चौदा देतात, पण ते लोक तसलेच. यात चुकलं कुठं?

तेप उठली. माझ्या शेजारी आली. सगळ्यांदेखत एकेका आंब्याला बोट लावून मोजलं. मोठ्यानं. दहापर्यंत. उरलेले दोन माझ्या हातात दिले. मग बाईंना समजावून सांगितलं की माझे बाबा आजीचे दहा मोजतात, शाळेचे दहा वेगळे असतात, त्यांना कोणी सांगितलंच नसेल. आणि माझ्याकडे वळून म्हणाली, असू दे बाबा, पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं. परत मोजा.

परत मोजले. हाताची सवय. बारा.

डोळ्यांत पाणी आलं. आंब्याचा चीक फार झोंबतो.

२० मे, संध्याकाळी ५.१५
नवं टाइमटेबल लागू. पाच ते सव्वापाच, विद्यार्थी बाबा, शिक्षिका तेप. मला खेटून बसते. आधी ती मोठ्यानं मोजून दाखवते, मग माझी पाळी.

आज अकरा आले. प्रगती आहे.