दुपारी तीनचा फोन

जुळे सोलापूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय ऋतुजास,

अक्काचा आशीर्वाद. अभिमन्यूला माझ्याकडून एक पापा. उदयसिंहरावांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच कपाटात टाकशील, अशी भीती आहे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचत नाहीस, म्हणून कागद घेऊन बसले. कॉलेज सुटल्यापासून हातानं एवढं मराठी लिहिलेलं नाही. अक्षर सांभाळून घे.

इकडे बरं आहे. आईचा गुडघा थंडीत धरला होता, आता ती जिना उतरून भाजी आणायला जाते. मागच्या आठवड्यात मामांनी हुरडा पाठवला. आईनं शेंगाचटणीबरोबर तो खाताना तुझं नाव दोनदा काढलं आणि मग माझ्याकडे बघून गप्प बसली. काय झालंय ते तिला नीट माहीत नाही. आपण दोघी बोलत नाही एवढंच कळतं तिला.

आमच्या कॉलनीत पाणी चौथ्या दिवशी येतं. लोक पिंपं भरून ठेवतात. त्यानं म्हण की आणखी कशानं, पण माझ्या दवाखान्यात सध्या उलट्या-जुलाबाची बारकी पोरंच जास्त आहेत. त्यातल्याच एकाचं तुला सांगायचं आहे.

मंगळवारी सकाळी शगुफ्ता नावाची एक मुलगी आली. वय तेवीस-चोवीस. विजापूर रोडच्या पलीकडे राहते, नवरा रिक्षा चालवतो. कडेवर चौदा महिन्यांचा उमर आणि मागं सासू, अजीजाबी. पोरानं पहाटेपासून सहा उलट्या केल्या होत्या. पाजलेलं सगळं बाहेर. टेबलावर ठेवायच्या आत त्यानं माझ्या बाहीवर सातवी केली.

अजीजाबी म्हणाल्या, “डॉक्टरबाई, पानी पेट में टिकता नै. सलाईन लगा देव.”

मी पोराला तपासलं. तोंड कोरडं होतं, पण रडताना डोळ्यांत पाणी येत होतं. पोट मऊ होतं, उलटी हिरवी नव्हती, शौचात रक्त नव्हतं. पाण्याचा पेला दिसला की दोन्ही हातांनी ओढत होतं. तासाभरापूर्वी लघवी केली होती. सलाईनची गरज नव्हती. वजनाप्रमाणे उलटी थांबवायच्या औषधाचा एकच डोस दिला, वीस मिनिटं थांबवलं आणि मग शगुफ्ताच्या हातात वाटी-चमचा दिला. दर दोन मिनिटांनी एक चमचा ओआरएस. मागितलं तरी जास्त नाही.

बाहेर बाकावर ती घड्याळाकडे बघत चमचे मोजत बसली. मी पेशंट बघता बघता दारातून तिच्याकडे बघत होते. तासाभरात एकही उलटी झाली नाही. अजीजाबींनाही पटलं असावं, कारण नंतर चमचा त्यांनीच हातात घेतला होता.

घरी सोडताना मी नेहमीचं सांगायला लागले, तर शगुफ्तानं मला मधेच थांबवलं. म्हणाली, “मॅडम, घरी गेल्यावर हा गप पडला तर? तो झोपलाय का त्याची तब्येत बिघडलीय, मला कसं कळणार?”

ऋतू, माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. पुढचा पेशंट आत येऊन उभा होता, त्याला मी बाहेर थांबायला सांगितलं. शगुफ्ताला खुर्चीवर बसवलं आणि एकेक गोष्ट सांगितली. झोपलेलं मूल हलवलं की कुरकुरतं, डोळे उघडून आईला ओळखतं. तसं करेना, मान टाकली, डोळे आत गेले, सहा तासांत लंगोट ओला झाला नाही, तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना. कागदावर लिहून दिलं, खाली माझा स्वतःचा नंबर लिहिला.

तिनं विचारलं, “फोन उचलाल ना पण?”

उचलेन म्हणाले. त्या दिवशी टेबलावर फोन समोर ठेवून पेशंट तपासले. तीन वाजून गेले तसं माझं लक्ष लागेना. साडेतीनला तो वाजला आणि पलीकडून शगुफ्ता ओरडलीच, “मॅडम, सू केली! दोन वेळा! आता मऊ भात मागतोय!”

मी फोन ठेवला आणि तपासायच्या खोलीत एकटीच रडले. पोरगं बरं झालं होतं, रडण्यासारखं काहीच नव्हतं. रडू येत होतं ते तुझ्या फोनसाठी.

आता लिहितेच.

१५ ऑक्टोबर. सकाळी अकराला तुझा पहिला फोन आला. अभिमन्यूला उलट्या होतायत म्हणालीस. मी ओआरएस सांगितलं, उलटीचं औषध सांगितलं. इथपर्यंत माझं काही चुकलं नव्हतं. पण बोलता बोलता मी हेही म्हणाले की तुमच्या नातेपुत्यात लगेच कुणाकडे धावू नकोस, उगाच सलाईन लावून ठेवतात. मी कुणालाही उठसूट सलाईन लावत नाही याचा मला फार तोरा होता. त्या तोऱ्यात मी एक न तपासलेलं मूल फोनवर बरं करत होते.

तीन वाजता तू परत फोन केलास. “अक्का, हा लई गप हाय गं. हाक मारली तरी बघंना.” तुझे हेच शब्द होते. मला ते तेव्हाही नीट ऐकू आले होते. बाहेर पंधरा माणसं बसली होती. मी म्हणाले, “दमला असेल, झोपू दे. उठला की पाज.” लघवी कधी केली, हे विचारलं नाही. जुलाब किती झाले, तेही नाही. परक्या बाईला विचारलं असतं, तुला नाही विचारलं. तू शाळेत शिकवतेस, शहाणी आहेस, सगळं सांभाळशील असं धरून चालले.

संध्याकाळी तुम्ही त्याला अकलूजच्या दवाखान्यात नेलंत तेव्हा त्याची शीर सापडत नव्हती. मी सोलापुरातून पोहोचेपर्यंत सलाईन चालू झालं होतं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आणखी दोन तास गेले असते तर अवघड होतं.

आणि मग ते व्हरांड्यातलं. तुझ्या सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “घरात डॉक्टर बहीण असून पोराला असं सुकवलंस व्हय? दुपारीच उचलून आणाया काय झालं हुतं?” तू माझ्याकडे बघितलंस. मी काय केलं? चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “आता उपचार सुरू झालेत, काळजी करू नका.” एवढंच. तू अजून बघत होतीस. मग खाली मान घालून म्हणालीस, “चुकलं माझं.”

माझ्या दवाखान्याची पाटी, लोकांचा विश्वास, उदयसिंहराव काय म्हणतील, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात आलं. तू मात्र आलीच नाहीस त्यात. अभिमन्यू तिसऱ्या दिवशी हसायला लागला, तेव्हा मी स्वतःला समजावलं की मिटलं सगळं.

पण तुझं मिटलं नव्हतं. तुझ्या एकटीच्या हाती पोर ठेवत नाहीत, दिवाळीनंतर तू शाळेतली नोकरी सोडलीस, हे मला आईकडून कळलं. कळूनही मी तीन महिने गप्प राहिले.

परवा शुक्रवारी तुझ्या सासूबाईंना फोन केला. तुझ्या आधी त्यांना सांगितलं याचा राग मानू नकोस. आधी तुझ्याशी बोलले असते, तर तू मला सांगू दिलं नसतंस. दोन्ही फोनचं सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, “तवाच का न्हाई बोललीस?”

“घाबरले, मावशी.”

“अन् हिनं का झाकलं?”

“माझं नाव खराब होऊ नये म्हणून.”

त्यांचा आवाज बदलला. “पोरगं देवाच्या दयेनं बरं हाय. पण मी तिला लई बोलले की गं. रोज बोलले. आता कुटल्या तोंडानं जाऊ तिच्याफुडं?” पुढं म्हणाल्या, “फोनवरचं माणूस इसरतं. तू तिला कागदावर लिहून दे.”

मला त्यांचं पटलं. उदयसिंहरावांशी मी स्वतः येऊन बोलेन. तू ये म्हणालीस तरच येईन. नाही म्हणालीस तर तेही मला समजेल. तुझ्या मुख्याध्यापिकांना फोन करावा असं मनात आलं होतं, पण केला नाही. ती नोकरी तुझी आहे, परत हवी की नको ते तू ठरव.

माफी मागायला माझ्याकडे मोठे शब्द नाहीत. तू तेव्हा बरोबर होतीस. आई म्हणून तुला जे दिसलं ते तू वेळेवर सांगितलंस, आणि ऐकायचं काम माझं होतं.

खालच्या चार ओळी वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवते आहे. घरात दाखव, माहेरी दाखव, शाळेत दाखव. फाडून टाकलास तरी मी पुन्हा लिहून देईन.

“१५ ऑक्टोबर २०२४ रोजी दुपारी तीन वाजता ऋतुजानं मला फोन करून बाळ गप पडल्याचं सांगितलं. त्याला घरीच झोपू द्यायला मी सांगितलं. उशीर माझ्यामुळे झाला. त्याच्या आईची काहीही चूक नव्हती.

डॉ. वैजयंती रणवरे
जुळे सोलापूर”

आणि या पत्राखाली नुसतंच,

तुझी अपराधी
अक्का