ठिपक्यांचं पिल्लू आणि आईची साडी

बाबा,

आज नागपूरला नोकरीवर हजर व्हायचं आहे, म्हणून पहिल्या बसने निघाले. तुम्हाला उठवलं नाही.

ते बिबट्यासारखं ठिपक्यांचं मांजराचं पिल्लू ठरवण्याआधी एवढं पाहा. त्याच्या आईबापांच्या हृदयाची तपासणी झालेली हवी. तीन महिन्यांच्या आतलं आणू नका. ते एकटं राहत नाही, दिवसभर ओरडतं. तुम्ही तर संध्याकाळपर्यंत दुकानात. शिवाय धागा दिसला की ओढतं, आणि आईची अर्धी विणलेली साडी ती गेल्यापासून चार वर्षं हातमागावर तशीच आहे.

काल तुम्ही म्हणालात, "घरात कोनी बोलाले तर पायजे ना, बाई." मी मात्र पिल्लाच्या आजारांवरच बोलत राहिले.

रविवारी येते. साडी आपण दोघं मिळून उतरवू, मगच पिल्लू बघायला जाऊ.

कीर्ती