मधल्या जंक्शनवरची नऊ मिनिटं

मंगळवार, चौदा नोव्हेंबर
दुकानाच्या मागच्या खोलीतून

चि. धाकटीस,

ताईचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. आईचं ब्लडप्रेशर जागेवर आहे, गुडघे जागेवर नाहीत, आणि माझं डोकं कधी जागेवर होतं ते तूच सांग. बाळीला पहिला दात आल्याचं कळलं. तू आईला सांगायचं आणि आईने मला, असा तिच्या दाताचाही प्रवास गाडी बदलूनच होतो.

मालक जेवायला गेलेत. चष्म्याच्या काचा घासायचं यंत्र बंद आहे, म्हणून लिहायला बसले. फोन का नाही केला असं म्हणशील. फोनवर तू मध्ये बोलतेस, आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून ठेवून देते. हे पत्र आईच्या पर्समध्ये ठेवणार आहे. ती उद्या दुपारी तुझ्याकडे उतरेल तेव्हा मागून घे. बाळी हातात आली की तिला बाकी काही आठवणार नाही.

आधी तिकिटाचं बोलू. तू आईचं तिकीट काढून पाठवलंस ते पोचलं. थेट गाडी, खिडकीची जागा, आणि भाडं इतकं कमी की मला वाटलं छापताना एखादा आकडा राहिला.

मला दुसरं काही येत नाही याबद्दल आपल्या नातेवाइकांचं एकमत आहे, पण स्वस्तात प्रवास करायचा म्हटलं की फोन मलाच येतो. मामांनी तर माझं नावच ‘तिकीटमास्तरीण’ ठेवलंय. कुठल्या वारी गाड्या रिकाम्या धावतात, किती आठवडे आधी भाडं उतरतं, कुठल्या मार्गावर लांबचं तिकीट सलग काढण्यापेक्षा मधल्या जंक्शनवर तोडून दोन काढली तर स्वस्त पडतात, हे सगळं मला पाठ. माझा रोजचा पासही एक स्टेशन अलीकडचा आहे, कारण पुढच्या स्टेशनापासून दराचा टप्पा बदलतो. तिथून दुकानापर्यंत पंचवीस मिनिटं तंगडतोड करते. सोबतच्या बायका हसतात. हसू देत.

आणि तू! कॉलेजात असताना पास संपल्याचं तुला तपासनीसाकडून कळायचं. ती तू फोनवर दोन बोटं फिरवून माझ्यावर कडी केलीस. भाडं उतरलं की म्हणे ते ॲप स्वतःहून कळवतं. वा. मी बावीस वर्षं वेळापत्रकं चाळली, आणि तुला घरबसल्या निरोप येतो.

आईने ते तिकीट शेजारच्या काकूंना दाखवलं. “धाकटीने काढलं,” म्हणाली, आणि घडी करून परत पर्समध्ये ठेवलं. मी काढलेली तिकिटं तिने आजवर कुणालाही दाखवलेली नाहीत. पोटात दुखलं माझ्या, चांगलंच दुखलं.

तुझ्याकडे यायचं म्हटलं की ही बाई आठ दिवस आधी बॅग भरते. केसांना रंग लावते. माझ्याबरोबर चौदा वर्षं त्या दोन खोल्यांत राहते, पण माझ्यासाठी तिने कधी केस रंगवले नाहीत. गोळ्या मी द्यायच्या, गुडघ्यांना तेल मी चोळायचं, डॉक्टरांच्या दारात नंबर मी लावायचा, आणि तुझ्याकडून परत आली की चार दिवस तुझ्या गॅलरीचं आणि तुझ्या मऊ उशांचं कौतुक ऐकायचं, तेही मीच. “धाकटीकडे चहा कसा निवांत होतो,” म्हणते. निवांत होणारच. तिकडे ती पाहुणी असते.

तू काढलेलं तिकीट नुसतं जायचं आहे हे मी पहिल्याच नजरेत पाहिलं. त्याबद्दल तुला काही विचारलं नाही. आईला विचारलं, तर ती म्हणाली, “बघू गं.” तू तिला कायमचं तिकडेच राहायला बोलावलं आहेस, हे मला काकूंकडून कळलं. दोघींपैकी एकीने तरी मला सांगायचं होतं.

मग मला राहवेना. रविवारी सकाळी चहा घेऊन बसले ती जेवणापर्यंत उठले नाही. शेवटी सापडलं. जंक्शनवर तोडलं तर तुझ्याहून स्वस्त, आणि येण्याजाण्याचं दोन्ही. अगदी थोडक्याने का होईना, पण स्वस्त. उड्या मारतच स्वयंपाकघरात गेले.

आई केसांना रंग लावून, खांद्यावर जुना टॉवेल घेऊन बसली होती. म्हटलं, “आई, धाकटीचं तिकीट रद्द करू. मी आणखी स्वस्त काढते. परतीचंही त्यातच होतंय.”

“कुठून?”

“जंक्शनवरून.”

“मध्ये किती वेळ ठेवलास?”

“चाळीस मिनिटं.”

“मार्चमध्ये नऊ ठेवली होतीस.”

“मार्चमध्ये गाडी उशिरा आली, आई.”

“गाडी वेळेवर आली होती,” आई म्हणाली. “उशिरा आली असं मी तुम्हाला सांगितलं.”

धाकटे, आता मला नीट लिहू दे. मध्ये बोलू नकोस.

बाळी झाली त्या दिवसाबद्दल लिहिते आहे. तुझं ऑपरेशन दुपारी तीनला ठरलं होतं, आणि आत नेतील तेव्हा आई हवी एवढंच तू मागितलं होतंस. आईचं तिकीट नेहमीप्रमाणे मी काढलं, जंक्शनवर तोडून. दुसरी गाडी चुकली. आई जंक्शनवर संध्याकाळच्या गाडीची वाट बघत बसली आणि रात्री आठला तुझ्याकडे पोचली. तोवर सगळं आटोपलं होतं. पहिली गाडी उशिरा पोचली, असं आईने सांगितलं. तू रेल्वेला शिव्या दिल्यास. तुझ्या जोडीने मीही दिल्या.

गाडी वेळेवर पोचली होती हे मला त्याच दुपारी ठाऊक होतं. मी चौकशी केली होती. तरी आई उशिरा म्हणाली तेव्हा मी “हो का?” म्हटलं आणि गप्प बसले. मला वाटलं, तिचा काहीतरी घोटाळा झाला असेल. म्हणजे मी तसं वाटून घेतलं.

त्या जंक्शनवर पहिली गाडी एका टोकाच्या फलाटावर लागते आणि दुसरी पार दुसऱ्या टोकाला. मध्ये पूल. धडधाकट माणसाला नऊ मिनिटं पुरतात, म्हणून कुणाला संशय आला नाही. आईला तो पूल चढून उतरायला सतरा मिनिटं लागतात. त्याआधीच्या वर्षी तिच्याबरोबर मी तो चढले होते आणि घड्याळ बघितलं होतं.

आणखी एक. इथून दोन तास आधी निघणारी गाडी होती. तीही जंक्शनवरूनच, आणि भाडं तेच. एका पैशाचाही फरक नव्हता. दोन्ही गाड्या माझ्यासमोर होत्या आणि मी नऊ मिनिटांची घेतली. चुकावीच असं मी म्हटलं नव्हतं. चुकली तर चुकली, एवढंच म्हटलं. आदल्या आठवडाभर आई रोज तुझ्याशी तासतास बोलत होती, हसत होती, आणि मी आत आले की फोन ठेवत होती. मला ताप होता त्या दिवसांत. तिच्या लक्षातही आला नव्हता.

तू आत जाताना सारखी दाराकडे बघत होतीस, असं तुझ्या नवऱ्याने मला नंतर सांगितलं. त्याला बिचाऱ्याला काय माहीत कुणाला सांगतोय.

रविवारी आई म्हणाली, “सतरा मिनिटांचं तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे? पुलाच्या मध्यावर होते तेव्हा खालून गाडी निघाली. तेव्हाच कळलं मला.”

मी विचारलं, “मग बोलली का नाहीस इतके दिवस?”

“बोलले असते तर धाकटीने तुला पुन्हा दारात उभं केलं नसतं. मला दोघी हव्यात.” मग टॉवेलने मान पुसत म्हणाली, “जाऊ नकोस, मला ताप आहे, एवढं म्हणायचं होतंस. ते तुला जमलं नाही, आणि तिकीट मात्र काढता आलं.”

मी रडले. तिने रडू दिलं. नंतर म्हणाली, “आता तिला तू सांग. बाळीला मांडीवर घेऊन ते खोटं मला पुढे चालवायचं नाही.”

म्हणून हे पत्र. आई तू काढलेल्या तिकिटावरच येते आहे. मी शोधलेलं मी काढलं नाही.

मला तुझा हेवा वाटतो, धाकटे. तू जन्मलीस तेव्हापासून वाटतो, आणि हे लिहून तो गेलाय असंही नाही. आत्ताही लिहिताना वाटतंय की उद्या या वेळी ती तुझ्या गॅलरीत असेल. माफी मागते, पण मी बदलले वगैरे समजू नकोस. फक्त खोटं संपलं.

आता हे वाचून तू तिला माझ्याकडे परत पाठवायचं तर का पाठवायचं, हे मला सांगता येत नाही. आईने तर अजून काही ठरवलेलं नाही. तुझ्या जागी मी असते तर पाठवलं नसतं. हे पत्र न देता तिला गाडीत बसवणं मला सहज जमलं असतं, आणि मग ती परत येण्याची आशा तरी राहिली असती.

तिच्या गोळ्या सकाळी दोन, रात्री एक. तेल कोमट करून लावायचं, आणि डावा गुडघा आधी.

त्या दिवशी तुझी आई तुझ्यापासून अडवून ठेवणारी,
तुझी ताई