पाठीतलं वारं

३ ऑगस्ट
ह्यांची पाठ पुन्हा धरली. चप्पल घालायलाही वाकवेना. सासूबाई म्हणाल्या, सुरोतोच्या अंगात वारं शिरलंय, नाणं घास. बाम लावून मणक्याच्या दोन्ही बाजूंनी नाणं ओढलं. लालभडक रेघा उठल्या – म्हणजे वारंच! जीव भांड्यात पडला. डोक्यातली गाठ काढून सात महिने झाले, तरी काही दुखलं की मला तीच आठवते. पण डॉक्टर हंदायानींनी तेव्हाच सांगितलंय, हा आजार डोक्याबाहेर जात नाही.

९ ऑगस्ट
रोज घासते. आता हलक्या हातानंही रेघा जांभळ्या उठतात. सासूबाईंना समाधान – बघ किती वारं साठलं होतं! हे पालथे पडल्या पडल्या म्हणाले, "डोक्यातून हाकललेला भाडेकरू पाठीत राहायला आला वाटतं." मी रागावले. असलं बोलतात का?

१४ ऑगस्ट
मानेवर, कानाखाली नाणं अडखळलं. सुपारीएवढी गाठ. दुखत नाही म्हणाले. मी दोनदा चेपून पाहिली. कशाला चेपली!

१५ ऑगस्ट
दवाखान्यात फोन केला. १९ तारखेची वेळ मिळाली.

१९ ऑगस्ट
दवाखाना. डॉक्टरांनी ह्यांची पाठ पाहिली नि मला फैलावर घेतलं. जांभळं वाऱ्यानं होत नाही – आजाराच्या गोळ्यांनी रक्त गोठायचं कमी झालंय, म्हणून जरा घासलं की साकळतं. पाठीचे फोटो काढले, मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला घेतला. सासूबाई बाहेर बाकावर जपमाळ ओढत होत्या. मला ते सुद्धा जमेना.

२६ ऑगस्ट
डोक्यातलंच आहे. मानेत उतरलंय, मणक्यातही. डॉक्टर म्हणाल्या, असं होतं हे फक्त वाचलं होतं, पेशंट पहिलाच. मी विचारलं, "माझ्या नाण्यानं पसरलं का?"
"नाही, लास्त्रीबाई. तसं पसरत नाही."
पण तीन आठवडे मी त्याला वारं म्हणत बसले ना! फार भीती वाटते. ह्यांना खरं सांगितलं नाही. मणक्याला सूज आहे, सोमवारपासून किरणं देणार, एवढंच म्हटलं. पायातली ताकद गेली किंवा अंग बधिर झालं तर थांबू नका, लगेच आणा, असं डॉक्टरांनी बजावलंय.

२९ ऑगस्ट
सकाळी उठायचा कंटाळा आलाय म्हणाले. पाठ चोळ म्हणून हट्ट. नाणं नाही, नुसता बाम, असं सांगून मी त्यांना कुशीवर वळवलं. खांद्याखालून चोळत कमरेपर्यंत आले.
"लास्त्री," हे म्हणाले, "सुरू कर ना."