अर्धी गोळी

शुक्रवार, ता. ९

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. देवकृपेने आम्ही सगळे ठीक. चिमीचे गुडघे मात्र अजून सुजलेलेच, मग ठीक तरी कसं म्हणू?

काल भावोजी आणि जाऊबाईंसमोर तू विचारलंस, "ताई, गोळ्या नीट देतेस ना? की नुसती स्तोत्रं म्हणतेस?" आणि सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तू प्रयोगशाळेत रक्तातल्या पेशी मोजतेस, म्हणून मी अडाणी? मॅट्रिक आहे मी, तेही पहिल्या फटक्यात!

वर तुझं व्याख्यान. मदतनीस पेशी हाडांच्या मगजात जन्मतात, छातीच्या हाडामागच्या ग्रंथीत तयार होतात. आपल्याच शरीरावर उठणाऱ्या बहुतेक तिथेच बाद. उरलेल्या मिळेल त्या इशाऱ्याप्रमाणे काम धरतात: कुणी जंतू मारणाऱ्यांना चेतवायचं, कुणी प्रतिपिंडं बनवणाऱ्यांना हात द्यायचा, कुणी सगळ्यांना आवरायचं. चिमीच्या चेतवणाऱ्या माजल्या, आवरणाऱ्या कमी पडल्या, म्हणून तिचेच सांधे सुजले.

इतकं सोपं होतं, तर पोरीच्या दुखण्याचे हे अकरा महिने तोंडात मिठाची गुळणी धरून का बसलीस? घरी नुसते तिच्या रक्ततपासणीच्या आकड्यांचे कागद धाडलेस! डॉक्टर तर घाईघाईत एवढंच म्हणाले, "ही गोळी मदतनीस पेशींना दाबते." मदतीला आलेल्यांना कुणी दाबतं का गं? मला काय माहीत, त्यांतही फितूर असतात!

गेल्या महिन्यात पोरीला खोकला झाला. वाटलं, आता हिच्या अंगात लढायला कोण उरलं? तेव्हापासून सुरीने गोळीचे दोन तुकडे करते. अर्धा तिला, अर्धा डबीत.

डॉक्टरांना मी म्हणाले, "रोज देते." ते खोटं नव्हतं. तुला मात्र काल देव्हाऱ्याकडे हात करून म्हणाले, "पूर्ण देते." ते खोटं होतं.

पूर्ण गोळी लागू पडली नाही असं धरून डॉक्टर सोमवारी जबर इंजेक्शन सुरू करणार आहेत. ती सुई माझ्या खोटेपणापायी पोरीला टोचणार. त्यांना उद्याच गाठून मी स्वतः सांगणार आहे, तू आधी बोलू नकोस. ह्यांनाही ठाऊक नाही. दहा वाजता दवाखान्याच्या दारात ये. बोलताना माझी जीभ अडखळली, तर पुढचं वाक्य तू पुरं कर.

डबीसकट येते.

तुझ्यावर अजून रागावलेली,
तुझी ताई