शिवम्माची जर्मन ऐरण

करकंब,
ता. १४ नोव्हेंबर १९२७

ती. बाळासो दादास धाकट्या मुक्ताचा शि. सा. न. वि. वि.

आमी हितं जीव धरून हाय. वहिनींनी धाडलेलं लोणचं कवाच संपलं, त्यावरनं आठवण किती काढली ते समजा.

दादा, आमची ऐरण फुटली. कशी फुटली ते इचारू नका. तीन आठवडे भट्टी थंड हाय. नांगराचे फाळ घेऊन आलेली माणसं तशीच माघारी जातात. कारभारी भात्यापाशी बसून राहतात. जेवा म्हटलं की जेवतात, उठा म्हटलं की उठतात, पण माझ्याशी एक शब्द बोलत न्हाईत. काल शेजारच्यांना म्हणाले म्हणं, लोहारकी बास झाली, भाता विकतो आणि सोलापूरला गिरणीत जातो. दादा, भट्टी सोडून हा माणूस जगायचा न्हाय. तिकडं कुटं जुनी, दणकट ऐरण मिळती का बघा. लई दिवस हातात न्हाईत.

लोभ हाय तो असाच राहू द्या, एवढंच मागणं.

तुमची,
मुक्ता


सोलापूर,
ता. १२ डिसेंबर १९२७

चि. सौ. मुक्तास बाळासोचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. इकडे सर्व ठीक. लोणच्याची बरणी वहिनीने बांधून ठेवली आहे.

चार रविवार पायपीट केली. दुसऱ्या रविवारी बाळीवेशीकडे शिवम्मा नावाच्या विधवा म्हातारीच्या अंगणात ऐरण पाहिली. जर्मन घडणीची, लढाईआधी आगबोटीतून आलेली. एका टोकाला गोल शिंग, दुसऱ्या टोकाला चौकोनी, अंगावर आपल्याला न वाचता येणारी अक्षरं. हातोडी नुसती टेकवली तर उडून परत वर आली. दाजींनी पाहिली तर तुला विसरून तिच्याशीच संसार मांडतील!

पण म्हातारी विकत नाही. तिचा मुलगा गुरप्पा त्या लढाईत लोहार म्हणून पलटणीबरोबर समुद्रापार बसऱ्याला गेला, त्याला अकरा वर्षं झाली. पत्र नाही, खबर नाही. तो आल्यावर काम कशावर करील, असं ती मलाच विचारते. तीनदा गेलो. तिसऱ्या वेळी तिने दार लावून घेतलं. मुक्ता, माझा इलाज खुंटला. दाजींसाठी गिरणीतच जागा बघतो.

मनाला लावून घेऊ नकोस. भावावर माया ठेव.

तुझा,
बाळासो


करकंब,
ता. १७ डिसेंबर १९२७
(दादांनी शिवम्मांना वाचून दाखवावं.)

गं. भा. शिवम्मा आईस करकंबच्या मुक्ताचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

आई, तुमची माझी ओळख न्हाय. हे संपेपर्यंत तेवढं दार लावू नका. जे भावालाबी सांगितलं न्हाय ते तुमाला सांगते. ऐरण माझ्या हातनं फुटली. आमच्यात कारभारी सांडशीत लोखंड धरतात आणि घण मी मारते. त्या दिवशी गाडीच्या चाकाची लोखंडी धाव ठोकताना घाव वाकडा पडला आणि ऐरणीचा कोपरा तुटून उडाला. तवापासून ते माझ्याशी बोललेले न्हाईत. मारलं असतं, शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. एका घरात दोन माणसं, आणि आवाज न्हाय. मी दोनदा विहिरीपर्यंत जाऊन माघारी आले.

तुमच्या लेकाची वस्तू मागायला लाज वाटती. पण दुसरं कुणाला मागू?

लेक समजा, न समजा, राग धरू नका.

मुक्ता


सोलापूर,
ता. २६ डिसेंबर १९२७

चि. सौ. मुक्तास अनेक आशीर्वाद.

आधी हे वाच. विहिरीकडे जायचं नाही, तुला माझी शपथ आहे. मला का कळवलं नाहीस गं?

तुझं पत्र शिवम्माला वाचून दाखवलं. दाजी तुझ्याशी बोलत नाहीत, ही ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. मग कानडी-मराठी मिसळून सांगू लागली. जायच्या आधी गुरप्पाने आणि त्याच्या बापाने दोन महिने अबोला धरला होता. पोरगा निघाला तेव्हाही बाप जागचा उठला नाही. एवढं बोलून म्हणाली, घेऊन जा. किंमत तिने माझ्यावर सोडली. गुरप्पा आलाच तर त्याला करकंबला धाडीन, हे मात्र दोनदा बजावलं. आम्ही चौघांनी ऐरण उचलली तेव्हा ती बाहेर आली नाही.

ऐरण मोडनिंब स्टेशनावर उतरेल, तिथून बैलगाडी करा. उलट टपाली दोन ओळी लिही, म्हणजे मला झोप येईल.

तुझा,
बाळासो


करकंब,
ता. ९ जानेवारी १९२८

रा. रा. बाळासो पाव्हणे यांस ज्ञानबा लोहाराचा रामराम वि. वि.

ऐरण पोचली. बाभळीच्या बुंध्यावर बसवली. काल पहिली धाव ठोकली, घण मुक्तानेच मारला.

लिहायचं कारण निराळं हाय. जुन्या ऐरणीचा तुटका कोपरा मी त्याच दिवशी हातात घेऊन पाहिला. आत अर्ध्यापर्यंत गंज चढला होता. म्हणजे चीर जुनी. तिचा घाव चुकला न्हवता. ती चीर मला वर्षभर ठाऊक होती. काम चालतंय तोवर चालू दे म्हणून मी मुक्ताला तसंच ठोकायला लावलं. तुकडा तिच्या कानाजवळनं गेला. चार बोटं अलीकडनं गेला असता तर, हे मनात आलं आणि माझी वाचाच बसली. आज सांगू, उद्या सांगू करत दिवस गेले. ती आपलाच दोष समजती, हे दिसत असून गप्प राहिलो. विहिरीचं तुमच्या पत्रावरनं कळलं.

समोर बसून सांगायचं धाडस न्हाय, म्हणून कागदावर लिहिलं. हा कागद आधी तिच्या हातात देतो. ती ठेवील तसा राहीन. तुमीही जो काय राग धरायचा तो धरा.

ज्ञानबा

दादा, वाचलं. दोनदा वाचलं. ते अंगणात उभे हाईत. मी अजून हाक मारली न्हाय. मारीन, पण आज न्हाय. पत्र मीच टपालात टाकते.

मुक्ता