हार घातलेला फोटो

आई, आज चॅनेलवाल्यांनी पुन्हा तुझ्याबद्दल विचारलं. तू माझी कोण हे त्यांना ठाऊक नाही. पहिल्या सिनेमाच्या पडद्यामागच्या गमती सांगा म्हणाले, म्हणून नेहमीच्या सांगितल्या. सिनेमातला पाऊस म्हणजे आपल्या बागेतला फवारणीचा पंप, बकरीने खाल्लेलं संवादांचं पान, खेकड्याला घाबरून टेबलावर चढलेला नायक. विनोदी दिग्दर्शक म्हणून पोट भरतो, हसवणं भाग आहे. मग त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली, सर, त्या फोटोतल्या आजी कोण?

घरात कुणी खोटं बोललं की भिंतीवरचा मेलेल्या आजीचा फोटो कलतो, या एका गमतीवर अख्खा सिनेमा उभा होता. फोटोच मिळेना. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालायला कुणी धजेना, आणि ज्यांच्या म्हाताऱ्या गेलेल्या होत्या त्यांना त्यांची टिंगल नको होती. सगळं युनिट आपल्या पडवीत खोळंबलेलं. तू आत चुलीवर त्या सगळ्यांसाठी कुळथाची पिठी ढवळत होतीस. पदराला हात पुसत बाहेर येतेस आणि म्हणतेस, माजा घ्या. आदल्याच वर्षी एका लग्नात काढलेला, रत्नागिरीच्या स्टुडिओतून मोठा करून आणलेला तो फोटो स्वतः भिंतीवरून उतरवून देतेस. आत्या गप्प बसणारी नव्हे. "वयनी, जित्या माणसाला हार घालतत काय गो?"

"हारानं कोण मरत नाय. मरायला ताप यावा लागतो."

सगळे हसले. मी तुझं वाक्य तिथल्या तिथे सिनेमात घातलं. फोटोच्या कोपऱ्याला मागून मासे पकडायचा तंगूस, तो न दिसणारा नायलॉनचा दोरा, बांधला आणि तो खिडकीतून बाहेर घेतला. लाइटमन ओढायला तयार होईना, म्हणून बाहेर उभा राहून प्रत्येक टेकला मीच ओढला.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तुला ताप आला. चिखलात उभी राहून लावणी केलीस आणि ताप अंगावर काढलास. मला कळवू नका, तो कामात आहे, असं घरात बजावून ठेवलं होतंस. मुंबईहून मी पोचलो तोवर तुला रत्नागिरीच्या इस्पितळात आणलं होतं. डोळे पिवळेधमक, मला ओळखलंही नाहीस. तेराव्याला फोटो हवा होता, तर तू एकटी असलेला दुसरा फोटोच घरात नव्हता. सिनेमाच्या सामानाच्या पेटाऱ्यातून तोच काढून आणला. मागे तंगूस तसाच होता. मी त्याला दुसऱ्यांदा हार घालताना आत्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

सिनेमा लागला तेव्हा माझ्या डोक्यावर केस नुकते उगवत होते. रत्नागिरीच्या थिएटरात शेवटच्या रांगेत बसलो होतो. तू कललीस आणि लोक हसले. तुझ्या त्या वाक्याला शिट्ट्या पडल्या. आपल्या गावची माणसंही हसली, मग कुणाला तरी आठवलं असावं, त्यांची रांग गप्प झाली. तू पुन्हा कललीस तेव्हा मात्र तीही हसली. मला संताप आला. आणि तेवढ्यातच, हशा पुरेसा लांबला की नाही याकडेही माझा कान होता.

मी त्या मुलीला सांगितलं, राजापूरच्या बाजारात जुन्या सामानात तो फोटो मिळाला, बाई कोण देव जाणे. तिला ही गंमत खेकड्याहून आवडली. मी शिकलेला माणूस आहे, तो ताप शेतातल्या चिखलातून येतो, हाराने नाही, हे मला कळतं. तरी त्यानंतर एकाही सिनेमात जिवंत माणसाच्या फोटोला मी हार घालू दिला नाही. कुणी विचारलं तर बजेटचं कारण सांगतो.

हे कुठे पाठवायचं नाही म्हणून एवढं लिहितोय. मुलाखत आटपून पावसला, आपल्या गावच्या घरी आलो आणि चपला न काढताच तुझ्या फोटोसमोर गेलो. आईला अनोळखी बाई म्हणून आलो होतो, यापरतं खोटं ते काय असणार. पण फोटो सरळ होता. मी बराच वेळ वाट बघितली. मग मागे हात घातला, तंगूस अजून होता, आणि मीच ओढला.